चौदा ढीग

बोअरवाल्याला फोन केला की तो नेहमी निघालेलाच असतो. पहिला बोअरवाला सोमवारी निघाला, मंगळवारी निघाला, बुधवारी तर "वळणावरच आहे" म्हणाला आणि गुरुवारपासून त्याने फोन उचलणं सोडून दिलं. ते वळण कुठलं, ते त्यालाच ठाऊक. दुसरा आला, पण गाडीशिवाय आला. त्याने अंगणात टाचेने जमीन दोनदा दाबून पाहिली, चहा घेतला आणि तीनशे फुटांवर समुद्र आहे असं सांगून टाकलं. थोरलीने विचारलं, तीनशेच्या आधी काय काय लागेल? तो हसला. "दगड लागेल ताई. जमिनीत दुसरं काय असतं?"

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली, पण कप उचलून ती आत गेली. माणसांवर ओरडून पाणी लागत असतं तर तिच्या अंगणात एव्हाना तळं झालं असतं.

थोरली म्हणजे दोघी बहिणींमधली मोठी. धाकटी लग्न होऊन दूर गेली आणि आईची लाँड्री थोरलीच्या गळ्यात पडली. इस्पितळाच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे, रोजचे तीनशेच्या वर नग. आईने चाळीस वर्षांपूर्वी मागच्या अंगणात दोन दगड आणि तीन हौद घेऊन सुरू केलेलं काम आता चार मशिनांवर चालत होतं. पाणी असलं तर चालत होतं, असं म्हणायला हवं. मागची विहीर तीस फुटांची. ती वर्षभर आटत आटत गेली आणि आता बादली सोडली तर तळाला आपटून खण्ण वाजायची. टँकर यायचा तो त्याच्या मर्जीने. शेवटी इस्पितळाच्या मेट्रनबाईंनी चिठ्ठी पाठवली, की एक तारखेपासून चादरी वेळेवर आल्या नाहीत तर काम दुसऱ्या गावच्या मोठ्या लाँड्रीला द्यावं लागेल. चिठ्ठीत राग अजिबात नव्हता, म्हणूनच थोरली घाबरली. इस्पितळ गेलं की दाराला कुलूप, इतका साधा मामला होता. हातात नऊ दिवस होते.

आणि घरात आई होती. आईचं वय झालं होतं, हातपाय धड होते, पण डोक्यातलं काही काही निसटायला लागलं होतं. जेवण झालं की नाही ते ती विचारायची. थोरलीला कधी आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारायची. दोन वर्षांपूर्वी तिने डॉक्टरांचे हिरवे झगे पांढऱ्या चादरींबरोबर भिजवले आणि इस्पितळात आठवडाभर पोपटी चादरींवर रुग्ण झोपले. तेव्हापासून थोरलीने तिला कामाला हात लावू दिला नव्हता. "तू बस," हे वाक्य दिवसातून वीस वेळा व्हायचं. आई बसायची. पाच मिनिटांनी उठायची.

खडेवाले आणले ते इस्त्रीवाल्याने. इस्त्रीवाला लाँड्रीतला सगळ्यात जुना माणूस, दुनियेतल्या प्रत्येकाशी त्याची ओळख. खडेवाले कॉलेजात दगडांबद्दल शिकवायचे आणि निवृत्त झाल्यावर लोकांच्या जमिनीतलं पाणी बघायचे. कोटाच्या दोन्ही खिशांत खडे, म्हणून हे नाव. ते आले आणि कोरड्या विहिरीत तासभर डोकावून बसले. थोरलीला वाटलं, काही पडलं की काय यांचं.

"लोकांना वाटतं खाली नदी वाहते," ते वर बघून म्हणाले. "नदीबिदी काही नसते. फरशीवर ओली गादी टाकली तर पाणी कुठे राहतं?"

"गादीत."

"तुमच्या जमिनीत वरची माती, मुरूम, मग कुजलेला, भेगाळलेला दगड, ही सगळी गादी. त्याखाली काळा घट्ट दगड, ती फरशी. फरशी कितीही खोल फोडा, कोरडीच."

"मग विहीर का आटली?"

"विहीर गादीच्या वरच्या थरातच थांबली आहे. आजूबाजूच्या इमारतींनी बोअर मारले, पाणी खाली गेलं."

"म्हणजे आपण त्यांच्याहून खोल जायचं."

"नाही," खडेवाले म्हणाले, आणि त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. "गादी संपते तिथवर जायचं. फरशीला टेकून पाणी असतं. त्याच्याखाली जायचं ते फक्त बोअरवाल्याची हौस म्हणून."

"किती फुटांवर?"

"ते दगड बघितल्याशिवाय सांगता येत नाही."

थोरलीने कपाळाला हात लावला. ज्याने काही बघितलं नाही तो तीनशे फूट छातीठोकपणे सांगतो आणि ज्याने तासभर बघितलं त्याला सांगता येत नाही. आता विश्वास ठेवायचा कोणावर?

खडेवाल्यांनी एक कागद दिला. त्यावर बोअरवाल्याला विचारायचे सहा प्रश्न होते. आणि एक गोष्ट त्यांनी तीनतीनदा बजावली. वरचा भाग भुसभुशीत असतो, भोक ढासळू नये म्हणून त्यात पाइप उतरवतात. जिथे पाणी आहे नेमक्या तिथे त्या पाइपला चिरा पाडायच्या. चिरा चुकल्या तर पाणी पाइपच्या बाहेरच राहतं, जन्मभर.

"मग सगळ्याच पाइपला पाडा की चिरा."

"आणि वरचा चिखल? तुमच्या मोऱ्यांचं साबणाचं पाणी चाळीस वर्षं याच जमिनीत मुरतंय. तेच परत वर घ्यायचंय का? म्हणून सांगतो. दर दहा फुटांना जो चुरा बाहेर येतो त्याचा एकेक ढीग ओळीने ठेवायला सांगा. मी येऊन बघेन आणि मगच पाइप उतरेल. तोवर ढिगांना कोणी हात लावायचा नाही."

तिसऱ्या बोअरवाल्याला थोरलीने सहाच्या सहा प्रश्न फोनवर वाचून दाखवले. जवळपास कुठे बोअर मारलाय का? "असेल." पाइप किती फूट लागेल? "बघू." ढीग ठेवणार का? "ठेवू." त्याच्याकडून एका शब्दापलीकडे उत्तर काढायचं म्हणजे दगडातून पाणी काढण्याइतकंच अवघड होतं. पण शनिवारी सकाळी सात वाजता त्याची गाडी खरोखर गल्लीच्या तोंडाशी उभी होती, आणि तेवढ्यावर थोरलीने त्याला सगळं माफ केलं.

ते माफ करणं अर्धा तास टिकलं. गाडी आत आली, पण मागच्या अंगणात वळेना. कोपऱ्यातला तिसरा हौद आडवा येत होता. बोअरवाला उतरला, हौदाला एक फेरी मारली आणि म्हणाला, "हा पाडावा लागेल."

तीन हौद ओळीत होते, घडीव दगडांचे. मशिनं आल्यापासून तिन्हींत पाणी नव्हतं, तिसऱ्यात तर मोडक्या बादल्या होत्या. थोरलीला त्यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. पण आई दारात येऊन उभी राहिली.

"तो राहू दे."

"आई, गाडी वळत नाही."

"तो राहू दे. तो लागतो."

"कशाला लागतो?"

आईने हौदाकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, पण पुढे काही आलं नाही. "लागतो," ती परत म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर तो केविलवाणा भाव आला जो आला की थोरलीला रडू यायचं आणि म्हणून राग यायचा.

"तू आत बस बरं. आज तरी बस," थोरली म्हणाली. इस्त्रीवाल्याने आणि बोअरवाल्याच्या दोन माणसांनी पहारी घातल्या. अर्ध्या तासात तिसऱ्या हौदाचे दगड भिंतीला टेकून पडले होते आणि गाडी जागेवर होती.

मग तो आवाज सुरू झाला. बोअरच्या गाडीचा आवाज कानात शिरत नाही, दातांत शिरतो. भोकातून हवेच्या जोराने चुरा उडायचा, सगळीकडे पिठासारखी धूळ बसायची. दोऱ्या रिकाम्या ठेवल्या होत्या तरी थोरली त्या पदराने पुसत राहिली. आयुष्य पांढरं ठेवण्यात गेलेल्या बाईला धूळ बघवत नाही. बोअरवाला मात्र शब्दाचा पक्का निघाला. दर दहा फुटांना फावडंभर चुरा घ्यायचा आणि कपडे वाळवायच्या स्वच्छ ओट्यावर ओळीने ठेवायचा. एक, दोन, तीन. पन्नासच्या पुढे एकदा भोकातून ओलसर गोळे आले. थोरली धावत गेली.

"पाणी?"

"ओल आहे."

"ओल म्हणजे पाणीच ना?"

"ओल म्हणजे ओल, ताई."

पुढे पुन्हा कोरडी धूळ. शंभर फूट. एकशे वीस. एकशे चाळीसला त्याने गाडी थांबवली. चौदा ढीग झाले होते. बारा वाजले होते आणि पाणी नव्हतं.

"वरून माती ढासळतेय," बोअरवाला घाम पुसत म्हणाला. आज तो पहिल्यांदाच एवढं लांब बोलत होता. "शंभर फूट सबंध, बिनचिरांचा पाइप टाकतो आणि तीनशेपर्यंत जातो. पाच वाजता मला दुसरीकडे पोचायचंय. भोक असंच उघडं ठेवलं तर उद्या बुजलेलं मिळेल."

"सर येईपर्यंत पाइप नाही."

"सर कधी येणार?"

"तीनच्या बसने."

बोअरवाल्याने सूर्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि डबा घेऊन सावलीत गेला.

तेवढ्यात टँकर आला. थोरली पुढच्या दारी धावली. आठवड्याभरात पहिल्यांदा पाणी आलं होतं, ते मशिनांत घालून निदान शस्त्रक्रियेचे झगे तरी काढायचे होते. दोन पिंपं तिने वेगळी भरून मागे ठेवली, उद्यासाठी. मग झगे, मग मेट्रनबाईंचा फोन, मग झगे. तीन कधी वाजले तिला कळलं नाही. खडेवाल्यांना घेऊन ती मागे आली आणि दारातच थबकली.

ओट्यावर चौदा ढीग ओळीत होते. पण प्रत्येक ढिगाखाली धुतलेल्या फडक्याचा चौकोनी तुकडा होता. प्रत्येक तुकड्याला लाँड्रीची चिठ्ठी टाचलेली होती, एक ते चौदा, आईच्या वळणदार आकड्यांत. आणि ढिगांतला चुरा लखलखत होता. मातीचा कण नाही, धूळ नाही. स्वच्छ खडे, उन्हात वाळत ठेवलेले. शेजारी दोन्ही पिंपं रिकामी. आई तांदूळ धुवायची रोळी झटकत होती.

"घाण होती सगळी," ती म्हणाली. "ओट्यावर अशी घाण ठेवतात का?"

थोरली बोलायला लागली ती बोलतच राहिली. "आई, तुला मी काय सांगितलं होतं? हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं. दोन पिंपं पाणी! दगड धुवायला! लोक वेडं म्हणतील आपल्याला. तुला काही कळतं का गं? कळत नसेल तर एका जागी बसता का येत नाही?" आवाजाने जागा झालेला बोअरवाला सावलीतून बघत होता. इस्त्रीवाला मान खाली घालून उभा होता. आईच्या हातातली रोळी तशीच राहिली.

खडेवाले गुडघ्यांवर बसले. एकेक ढीग तळहातावर घेऊन ते भिंगातून बघत होते. चौदा ढीग झाल्यावर त्यांनी भिंग खिशात ठेवलं. "काळा दगड आहे, कुठे तुकडे जाड, कुठे बारीक. मला जे बघायचं होतं ते या खड्यांवर चिकटलेलं होतं, ताई. माती कुठली, गंज कुठे, चिकटा कुठे. आता हे सगळे नुसते खडे आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे चिरा कुठे पाडायच्या ते मी सांगू शकत नाही. अंदाजाने सांगितलं तर तो जुगार होईल."

"मग मी सबंध पाइप टाकतो," बोअरवाला उठत म्हणाला. "साडेतीन झालेत."

थोरली मोडक्या हौदाच्या दगडावर बसली. इस्पितळ गेलं, तिच्या मनात आलं. असं इतक्या फालतू कारणाने गेलं. दुष्काळाने नाही, शेजारच्या इमारतींनी नाही, तर रोळीने. तिला हसायलासुद्धा आलं.

"पहिल्या दोघांना फेस आला," आई म्हणाली.

कोणी लक्ष दिलं नाही. ती आपली ओट्याशी उभी राहून ढिगांशी बोलत होती.

"साबण लावला नव्हता, तरी फेस आला. मी म्हटलं, हे कोणाचे कपडे आहेत?"

खडेवाल्यांनी मान वळवली. "आजी, काय म्हणालात?"

"फेस."

"पहिल्या दोन ढिगांना?"

"एक आणि दोनला. तिसऱ्याला कमी."

खडेवाले सावकाश उठले. त्यांनी खिशातून वही काढली आणि थोरलीकडे बघून हात वर केला, की गप्प बसा. "तो तुमच्याच मोरीचा साबण आहे," ते पुटपुटले. "तीस फुटांपर्यंत मुरलाय. हे त्यांना मनाने रचून सांगता येणार नाही. आजी, सगळे एकाच पाण्यात धुतले का?"

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढा शिकलेला माणूस आणि असं विचारतो. "एकाचा रंग दुसऱ्याला लागला तर? प्रत्येकाचं पाणी वेगळं. प्रत्येकाची खूण वेगळी."

दोन पिंपं कुठे गेली ते आता थोरलीला कळलं.

"मग चौथ्याचं पाणी कसं निघालं?"

"खळीसारखं. पांढरं, बुळबुळीत. हाताला चिकटत होतं. चौथा आणि पाचवा, दोन्ही तसेच. तीन पाण्यांत निघाले."

"पांढरी चिकणमाती," खडेवाले लिहिता लिहिता म्हणाले. "वरच्या साबणाला तिने खाली जाऊ दिलं नाही. झाकण आहे ते. सहावा?"

आईचा चेहरा वाकडा झाला. "सहावा वाईट. गंज. लोखंडी खिळ्याचा डाग पडतो ना, तसलं पिवळं-तांबडं पाणी. चार वेळा बदललं. सातव्यालाही होतं, पण कमी."

"आठवा?"

"त्याला काही नव्हतं. एका पाण्यात निघाला."

"नववा?"

"तिथून पुढे सगळे तसेच. धुवायचं काम नव्हतं खरं तर. पण धुतले."

खडेवाल्यांनी वहीचं पान उलटलं, घसा साफ केला आणि मध्येच विचारलं, "आणि पाचवा काय म्हणालात? गंजाचा?"

"पाचवा खळीचा," आई चिडून म्हणाली. "गंजाचा सहावा. एकदा सांगितलं ना."

सकाळी जेवली की नाही ते या बाईला आता विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. थोरली तिच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं कोणाच्या चादरीवर कसला डाग होता ते हिच्या तोंडावर असायचं, आणि आपण हिला काय सांगितलं? बस.

"गंज कुठे चढतो?" खडेवाले बोअरवाल्याकडे वळले. "जिथे पाणी आणि हवा येत-जात असतात तिथे. पन्नास ते सत्तर फूट. भेगा आहेत तिथे. मातीने तोंडं लिंपली गेलीत म्हणून तुम्हाला नुसती ओल दिसली."

बोअरवाला डोकं खाजवत होता. "हो," तो म्हणाला, "पन्नासच्या पुढे गाडीचा आवाज बदलला होता. हाताला ढिलं लागलं होतं."

"मग सांगितलं का नाही?" थोरलीचा आवाज चढला.

"विचारलं नाही कोणी. कागदावर सहा प्रश्न होते, त्यात हा नव्हता."

त्याला काय म्हणावं? थोरलीने नुसतं पाइपांकडे बोट दाखवलं, कारण पाचला दीड तासही उरला नव्हता आणि पाइप त्याच्याकडेच होते.

त्याने पन्नास ते सत्तरच्या मापाला पाइपला चिरा पाडल्या, बाकीचा पाइप सबंध ठेवला आणि सगळा खाली सोडला. वरच्या भागाला बाहेरून चिकणमाती ठोकून बसवली. मग हवा सोडली. आधी धूळ आली, मग चिखल आला, लाल, घट्ट. दहा मिनिटं नुसता चिखल. थोरली ओट्याला पाठ लावून उभी होती आणि आकडे मोजत होती, कशाचे ते तिलाही माहीत नव्हतं. मग भोकात काहीतरी घुसमटल्यासारखा आवाज झाला आणि पाणी वर आलं. गढूळ आलं, नंतर कमी गढूळ, आणि साडेपाचला जे येत होतं त्यातून बादलीचा तळ दिसत होता.

"दोन इंच धार," बोअरवाला म्हणाला. पाचची वेळ त्याने चुकवली होती, पण तक्रार केली नाही. जाताना तो आईसमोर क्षणभर थांबला. "बघू," असं काहीतरी पुटपुटला आणि गाडीत चढला.

त्या संध्याकाळी थोरलीने एक नवाकोरा अभ्रा बोअरच्या पाण्यात भिजवला, पिळला आणि दोरीवर टाकला. सकाळी आधी तोच बघायला गेली. अभ्रा पिवळा पडला होता. एकसारखा नाही, मधोमध ढगासारखे डाग, आणि शिवणीला तांबूस कड. बादलीत रात्रभर उरलेलं स्वच्छ पाणी आता चहासारखं दिसत होतं.

तिने खडेवाल्यांना फोन लावला. "हो, लोखंड आहे," ते म्हणाले. "गंजातून येणारं पाणी आहे ताई, ते असणारच. पाणी तर आहे ना?"

"मला पांढऱ्या चादरी धुवायच्या आहेत. पाणी आहे याचं मी काय करू? पिवळ्या चादरी इस्पितळाला देऊ?"

फोन ठेवल्यावर तिने तो अभ्रा दोरीवरून ओढून काढला आणि जमिनीवर आपटला. एवढं सगळं करून हे. सहा दिवस उरले आणि जमिनीतून निघालं ते गंजाचं पाणी. आई बाहेर आली, अभ्रा उचलला, नाकाशी नेला.

"विहिरीचं पाणी दिलंस होय? तळाचं?"

"विहिरीचं नाही आई. बोअरचं. काल मारला तो."

"तळाचं पाणी असंच असतं. उन्हाळ्यात विहीर खाली गेली की असंच यायचं." आईने अभ्र्याची घडी घातली, डाग आतल्या बाजूला राहील अशी. "सरळ घ्यायचं नसतं ते. पहिल्या हौदात उंचावरून सोडायचं, बादली वर धरून. चांगलं आदळू द्यायचं. मग दुसऱ्यात रात्रभर ठेवायचं, हलवायचं नाही. तांबडं सगळं तळाला बसतं. वरचं वरचं तिसऱ्यात घ्यायचं, वाळूतून. तिसऱ्यातलं पाणी बघ, काचेसारखं असतं. पांढरं त्यातच धुवायचं."

बोलता बोलता ती पहिल्या हौदापाशी गेली, दुसऱ्यापाशी गेली. तिसऱ्याच्या जागी येऊन उभी राहिली. तिथे चाकांचे दोन खोल चर होते.

"इथला कुठे गेला?"

खोटं सांगता आलं असतं. आईला दुपारपर्यंत आठवलं नसतं.

"पाडला. मी पाडला, आई."

"कधी?"

"काल. तू नको म्हणत होतीस."

आईने कपाळाला आठ्या घातल्या. कालचा दिवस तिला सापडत नव्हता, हे थोरलीला दिसत होतं. मग तिचं लक्ष भिंतीला टेकलेल्या दगडांकडे गेलं. त्यांच्यावर कालची धूळ जाड बसली होती. ती एकेक दगड मोजत गेली. सगळे होते.

"मग बांध," आई म्हणाली. "पण असे नको लावूस. आधी धुऊन घे."

थोरलीने बादली उचलली आणि आईशेजारी उकिडवी बसली. "किती पाण्यांत?" तिने विचारलं.

"निघेपर्यंत."